संघर्षग्रस्त देशात स्थानिक शासन बळकट करायचं, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: देशात सशस्त्र संघर्ष चालू आहे, काही जिल्हे सरकारच्या हातात आहेत, काही नाहीत. गावपातळीवरच्या निवडणुका कित्येक वर्षं झालेल्या नाहीत. एका देणगीदार संस्थेने ‘स्थानिक शासन बळकटीकरणा’साठी तीन वर्षांचा निधी मंजूर केला आहे आणि आराखड्यातली बहुतेक रक्कम सदस्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आहे. हे बरोबर आहे का, आणि शांतता करार व निवडणुका होईपर्यंत थांबावं का?

थांबू नका, आणि प्रशिक्षणापासून सुरुवातही करू नका. या क्षेत्रात काम करताना माझं एक मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. स्थानिक कार्यालयाने दिलेला शब्द पाळला जातो असं दिसलं, की लोक त्या कार्यालयाला मानू लागतात. ‘पावसाळ्याआधी पूल होईल’ असं सांगितलं आणि तो झाला, तर पुढच्या बैठकीला माणसं आपणहून येतात. शब्द पाळायचा तर वर्षाला किती पैसे येणार हे आधी माहीत हवं, ते ठरल्या वेळी यायला हवेत आणि कशावर खर्च करायचे हे तिथेच ठरायला हवं. संघर्षाच्या काळात नेमकी हीच साखळी सगळ्यात आधी तुटते. सदस्याला कायद्याची कलमं कितीही चांगली शिकवली, तरी हातात काहीच नसेल तर तो गावाला कुठल्या तोंडाने सामोरा जाणार?

नेपाळचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात जवळपास सगळंच येतं. १९९६ च्या फेब्रुवारीत माओवाद्यांनी सशस्त्र लढा सुरू केला. १९९७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या, १९९९ मध्ये स्थानिक स्वायत्त शासनाचा कायदा आला आणि गाव विकास समित्यांना, म्हणजे तिथल्या बोलीत ‘गाविस’ना, कागदोपत्री बरेच अधिकार मिळाले. २००२ च्या जुलैमध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली. सरकारने ती वाढवलीही नाही आणि निवडणूकही घेतली नाही. देशभरातल्या ३,९०० हून अधिक गाविसचा कारभार सरकारी सचिवांच्या गळ्यात पडला. तोवर गाविसच्या इमारती जाळण्याचं, उडवून देण्याचं सत्र सुरू झालंच होतं. सचिव जीव मुठीत धरून जिल्ह्याच्या मुख्यालयात येऊन राहिले.

अशा एका सचिवाचं ‘कार्यालय’ मी पाहिलं आहे. मुख्यालयाच्या बाजारात भाड्याची खोली, खाटेखाली पत्र्याची पेटी. पेटीत जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदवह्या, बैठकीच्या ठरावांची वही आणि फडक्यात गुंडाळलेला समितीचा शिक्का. ठरावांच्या वहीत शेवटच्या बैठकीनंतरची पानं कोरी होती. जन्माच्या वहीत मात्र नोंदी चालू होत्या, कारण लोक डोंगर उतरून, वाटेत मुक्काम करून तिथवर येत होते. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गाविसची शिफारस लागायची. ते प्रमाणपत्र नसेल तर जमीन नावावर होत नव्हती, पासपोर्ट निघत नव्हता. परदेशी कामाला निघालेल्या तरुणांना तर दुसरा मार्गच नव्हता. गावातली इमारत गेली होती, समिती उरली नव्हती, तरी त्या पेटीमुळे माणसाचा सरकारशी एक संबंध शिल्लक होता.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दप्तर वाचवायचं काम हाती घ्या. जन्ममृत्यूच्या, जमिनीच्या आणि ठरावांच्या वह्या कुठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, किती जळाल्या, याची यादी करा. पानांचे फोटो काढून एक संच दुसऱ्या गावी, सुरक्षित जागी ठेवा. जळालेल्या नोंदी पुन्हा कशा करायच्या, त्यासाठी कोणाची साक्ष चालेल, याचा साधा आदेश मंत्रालयाकडून काढून घ्या. त्याबरोबर सचिवाचा पगार. संघर्षग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने रखडतात, ही गोष्ट मी एकाहून अधिक देशांत पाहिली. पगार न मिळालेला माणूस एकतर निघून जातो, नाहीतर दाखल्यासाठी पैसे मागू लागतो, आणि लोकांच्या मनातून सरकार उतरायला तेवढं पुरतं. तुमच्या निधीतून पगार देता येत नसेल, तर निदान तो का अडकतो, कुठल्या टेबलावर अडकतो, हे शोधून ती गाठ सोडवून घ्या. यात बातमी होण्यासारखं काही नाही, पण याच्याइतकी उपयोगी पडणारी गोष्टही दुसरी नाही.

नेपाळमध्ये ती पोकळी दुसऱ्यांनी भरली हेही विसरू नका. माओवाद्यांनी आपली ‘जनसरकारं’ आणि ‘जन अदालती’ चालवल्या. बांधाची भांडणं, सावकाराचं देणं, दारू पिऊन मारहाण असे तंटे तिथे जायचे. त्या न्यायात भीती होती, अपिलाची सोय नव्हती, शिक्षा मनमानी असायची. पण निकाल लगेच लागायचा, आणि गरीब माणसाच्या लेखी जिल्ह्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालण्यापेक्षा ते बरं ठरायचं. सशस्त्र गट लोकांमध्ये पाय रोवतात ते बहुतेक वेळा या दारातून. स्थानिक शासन बळकट करण्याच्या आराखड्यात तंटे मिटवण्याचा भाग नसेल, तर तो आराखडा अपुरा आहे असं मी ठामपणे म्हणेन. नेपाळनेच पुढे २०१७ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक पालिकेत न्यायिक समिती नेमली आणि तिचं प्रमुखपद उपमहापौर, उपप्रमुख किंवा उपाध्यक्षांकडे दिलं. काही प्रकारच्या तंट्यांत ही समिती निवाडा देऊ शकते, काहींत फक्त समेट घडवते. महापौर-उपमहापौर, अध्यक्ष-उपाध्यक्ष या जोडीसाठी दोन्ही उमेदवार देणाऱ्या पक्षाने त्यांतली एक स्त्री द्यावी, असा नियम होता. पक्षांनी बहुतेक ठिकाणी स्त्रियांना दुसऱ्या पदावर बसवलं, आणि त्यामुळे या समित्यांच्या प्रमुखपदी बहुतांशी स्त्रियाच आल्या. घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला समोर बाई दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्यांना कायद्याचा सल्ला देणारं माणूस कितीतरी ठिकाणी मिळालं नाही. प्रशिक्षणाचा पैसा खर्च करायचाच असेल, तर तो अशा जागी करा.

आता निवडणुकीआधीच्या तात्पुरत्या व्यवस्थेबद्दल. नेपाळमध्ये शांतता करार २००६ मध्ये झाला, पण स्थानिक निवडणुका थेट २०१७ मध्ये, आधीच्या निवडणुकीनंतर वीस वर्षांनी झाल्या. मधल्या काळात गावपातळीवर ‘सर्वपक्षीय यंत्रणा’ होती: सचिवाच्या जोडीला सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसून अनुदानाचं काय करायचं ते ठरवत. ऐकायला हे फार समजूतदारपणाचं वाटतं. प्रत्यक्षात सगळेच सत्तेत बसल्यामुळे जाब विचारायला कोणी उरलं नाही. पैसा पक्षांमध्ये वाटला जाऊ लागला, ठेकेदार आणि पुढारी एकाच टेबलाशी आले. तक्रारी एवढ्या वाढल्या की भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या सांगण्यावरून २०१२ मध्ये ती यंत्रणा रद्द झाली. सर्वपक्षीय समितीला माझा सरसकट विरोध नाही. करारानंतरचे पहिले काही महिने तिच्यामुळे बंदुका खाली राहत असतील तर ती हवीच. पण तिच्या बाहेर कोणीतरी पाहणारं हवं. नेपाळमधले सामुदायिक वनांचे वापरकर्ता गट संघर्षातही बऱ्याच ठिकाणी टिकून राहिले. त्यांच्या सभा होत, हिशेब सभेपुढे मांडले जात. अशा गटांना समितीच्या हिशेबावर प्रश्न विचारायचा लेखी हक्क द्या, त्यांना समितीत खुर्ची देऊ नका.

पैशाच्या बाबतीत अफगाणिस्तानने खूप शिकवलं. तिथे २००३ मध्ये राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम सुरू झाला. गावाने गुप्त मतदानाने समुदाय विकास परिषद निवडायची, कुटुंबामागे सुमारे २०० डॉलर या हिशेबाने, पण गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर असं अनुदान मिळायचं, आणि विहीर, रस्ता की वीज हे गावाने ठरवायचं. कार्यक्रम तीस हजारांहून अधिक गावांत पोचला. सूत्र सगळ्यांना समजेल असं होतं, रक्कम आधी माहीत होती, पैसा परिषदेच्या हातात येत होता. ५०० गावांपैकी कार्यक्रम आधी कुठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून त्याचा मोठा अभ्यास झाला. पिण्याचं पाणी आणि वीज यांत सुधारणा दिसली, गावच्या निर्णयात स्त्रियांचा वाटा वाढला. सरकारबद्दलचं मतही सुधारलं, पण कामं चालू होती तोवर. अनुदान संपलं तसा तो परिणाम ओसरत गेला.

यात नवल नाही. अनुदान एकदा आलं, फार तर पुन्हा एकदा आलं, आणि पुढच्या वर्षी परिषदेकडे देण्यासारखं काही नव्हतं. २००४ च्या राज्यघटनेने गाव आणि जिल्हा पातळीवर निवडलेल्या परिषदा सांगितल्या होत्या, पण जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०२१ पर्यंत कधी झाल्याच नाहीत. म्हणजे खाली हजारो परिषदा, वर काबूलमधलं मंत्रालय, आणि मधला मजलाच नाही. तुमच्या हातात तीन वर्षांचा पैसा असेल तर तो एका गावाला पहिल्याच वर्षी भरभरून देण्याचा मोह टाळा. तीच रक्कम सहा वर्षांत लहान हप्त्यांनी देता आली तर उत्तम, आणि दुसऱ्या वर्षापासून सरकारच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातून थोडा का होईना वाटा त्यात पडलाच पाहिजे अशी अट घाला. देणगीदारांना मोठे आकडे लवकर खर्च झालेले दिसायला हवे असतात, त्यामुळे या मुद्द्यावर भांडावं लागेल. भांडा.

त्याच अभ्यासात गव्हाच्या वाटपाचा एक प्रयोग होता आणि तो मला सगळ्यात बोलका वाटतो. काही गावांत मदतीचा गहू वाटायचं काम स्पष्टपणे निवडलेल्या परिषदेकडे दिलं. तिथे वाटप सुधारलं. काही गावांत परिषद होती, पण वाटप कोणी करायचं हे सांगितलंच नाही. तिथे परिषद आणि जुने मान्यवर दोघंही मैदानात, आणि कारभार परिषद मुळीच नसलेल्या गावांपेक्षाही वाईट झाला. नवी संस्था उभी करून तिची हद्द न आखणं हे काहीच न करण्यापेक्षा घातक असतं, एवढा सरळ अर्थ त्यातून निघतो.

परंपरागत प्रमुखांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक देशात याच ठिकाणी येतो. पूर्व तिमोरमध्ये २००० साली जागतिक बँकेच्या प्रकल्पाने गावोगाव विकास परिषदा निवडून घेतल्या, त्यांत स्त्री-पुरुष समान ठेवले आणि गावप्रमुखांना बाहेर ठेवलं. हेतू लोकशाहीचा होता. पण गावाच्या नजरेत अधिकार ज्याचा होता तोच बाहेर राहिल्याने परिषद म्हणजे ‘प्रकल्पवाल्यांची समिती’ झाली आणि प्रकल्पानंतर टिकली नाही. सिएरा लिओनमध्ये उलट झालं. १९७२ मध्ये बरखास्त केलेल्या स्थानिक परिषदा युद्ध संपल्यावर २००४ च्या कायद्याने परत आल्या, १९ परिषदांच्या निवडणुका झाल्या. पण १४९ सरदारक्या, म्हणजे परंपरागत प्रमुखांचे इलाखे, तशाच होत्या आणि स्थानिक कर गोळा करायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. गोळा झालेल्या करातला वाटा परिषदेला द्यायचा होता. किती द्यायचा, कधी द्यायचा, यावरून वर्षानुवर्षं कुरबुरी झाल्या.

माझं मत असं की प्रमुखाला मान द्यावा, सभेला बोलवावं, जमिनीच्या आणि सलोख्याच्या बाबतीत त्याचा शब्द ऐकावा. तिजोरीची किल्ली मात्र त्याच्याकडे असू नये. आणि हे सगळं एका पानावर, स्थानिक भाषेत लिहून प्रमुख आणि परिषद या दोघांच्या सह्या घ्याव्यात. सिएरा लिओनच्या त्याच कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते: परिषदेने महिन्याचा जमाखर्च, इतिवृत्तं आणि विकास आराखडा सूचना फलकावर लावलाच पाहिजे. फलकापुढे उभा राहून वाचणारा एक शिक्षक असला तरी पुरे, संध्याकाळपर्यंत आकडा गावभर होतो.

इथे धोक्याचं बोलायलाच हवं. कोलंबियात १९८८ पासून महापौर थेट निवडून येऊ लागले, १९९१ च्या राज्यघटनेने त्यांच्याकडे अधिकार आणि पैसा आणखी दिला. अराउकासारख्या तेलाच्या प्रांतात स्वामित्वधनाचा, म्हणजे तेल काढण्याबद्दल सरकारला मिळणाऱ्या रॉयल्टीचा पैसा पालिकांकडे वाहू लागला. गनिमी बंडखोरांनी आणि पुढे निमलष्करी टोळ्यांनी हे बरोबर हेरलं: पालिका जाळण्यापेक्षा ठेके कोणाला द्यायचे ते ठरवणं फायद्याचं. महापौरांना धमक्या आल्या, अनेकांचे खून झाले, आणि जे उरले त्यांतल्या काहींनी हातमिळवणी केली. तिथे २०११ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वामित्वधनाचं वाटप साऱ्या देशात पसरावं असं करावं लागलं. एका ठिकाणी एकदम साचलेला पैसा बंदुकीला बोलावतो. लहान, नियमित आणि सर्वांना माहीत असलेल्या रकमेचा आग्रह मी धरतो त्यामागे हेही कारण आहे. मजुरी आणि साहित्याच्या रकमा लहान ठेवा, रोख टाळता येईल तिथे टाळा, खरेदी गावासमोर करा. आलेली रक्कम नि झालेलं काम फलकावर जरूर लावा, पण समितीतल्या माणसांची नावं, फोन, फोटो लावू नका. देणगीदाराच्या बोधचिन्हाची पाटी लावायची का, हे तिथल्या माणसांना विचारून ठरवा, त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. लाभार्थ्यांच्या याद्या, समितीतल्या स्त्रियांच्या याद्या कोणाच्या संगणकात आहेत हे तुम्हाला रोज माहीत असलं पाहिजे. गाव हातचं गेलं की त्याच याद्या हिटलिस्ट होतात.

याच्या दुसऱ्या टोकाला युक्रेन आहे. तिथे २०१५ पासून लहान गावं स्वेच्छेने एकत्र करून ‘ह्रोमादा’, म्हणजे मोठ्या स्थानिक पालिका, बनवल्या गेल्या, २०२० मध्ये ही फेररचना देशभर पूर्ण झाली आणि त्यांची संख्या सुमारे १,४७० झाली. वैयक्तिक प्राप्तिकराचा ६० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा त्यांच्याकडे राहू लागला. २०२२ च्या फेब्रुवारीत मोठं आक्रमण झालं तेव्हा बऱ्याच ह्रोमादांनी निर्वासितांची सोय, पाणी, वीज, अन्न हे वरून आदेश यायची वाट न पाहता हाती घेतलं. त्यांच्याकडे कर्मचारी होते, खात्यात पैसे होते आणि गेल्या काही वर्षांत खर्चाचे निर्णय स्वतः घ्यायची सवय लागली होती. लष्करी कायद्यामुळे निवडणुका थांबल्या, पण शासन थांबलं नाही. २०२३ च्या शेवटी सैनिकांच्या पगारावरचा प्राप्तिकर केंद्राकडे गेला. युद्धाच्या खर्चापुढे ते समजण्यासारखं आहे, तरी लष्करी छावण्या असलेल्या ह्रोमादांना त्याची झळ बसली. संकटात केंद्राचा हात आधी खालच्या पैशाकडे जातो, हे गृहीत धरूनच नियम करावेत.

स्वतःचा कर बसवण्याबद्दल थोडंच सांगतो. सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहराने उपग्रहाच्या चित्रांवरून घरांची नोंद करून घरपट्टी बसवली आणि वसुली भरीव वाढली. शहरात हे जमतं. खेड्यात, संघर्ष चालू असताना, लोक आधीच दोन्ही बाजूंना पैसे देत असतात. तिथे पहिल्या वर्षी करवसुलीचं नाव काढू नका.

तुमच्या आराखड्याकडे येतो. प्रशिक्षणाची रक्कम निम्म्याहून खाली आणा आणि उरलेलं प्रशिक्षण हॉटेलच्या सभागृहातून काढून टेबलापाशी न्या: अंदाजपत्रकाच्या हंगामात अंदाजपत्रक, हिशेबाच्या हंगामात हिशेब, आणि शिकवणारा त्याच कार्यालयात मुक्कामाला. वाचलेल्या पैशातून लहान वार्षिक अनुदान सुरू करा, सूत्र लोकसंख्या आणि अंतर एवढंच ठेवा. तुमच्या आणि भावंड संस्थांच्या पाणी समित्या, शाळा समित्या, पुनर्वसन समित्या मोजा. त्या प्रत्येकीने स्थानिक कार्यालयाच्या ठरावाशिवाय पैसा खर्च करायचा नाही असं सर्व संस्थांशी बोलून ठरवा. हे सगळ्यात अवघड जाईल, कारण प्रत्येकाला आपली समिती प्यारी असते. आणि स्थानिक कार्यालयातला हुशार लेखनिक तिप्पट पगारावर आपल्या प्रकल्पात ओढू नका. एका तालुक्यातून असे दोनतीन जण गेले की तिथलं शासन तुम्हीच कमकुवत केलेलं असतं.

यश मोजायचं कोष्टकही बदलून घ्या. ‘किती जणांना प्रशिक्षण दिलं’ हा रकाना काढा. त्याजागी चार तारखा मागा: अनुदानाची रक्कम कळवली ती तारीख, खात्यात जमा झाली ती तारीख, काम पूर्ण झालं ती तारीख आणि हिशेब फलकावर लागला ती तारीख. दुसऱ्या वर्षी या तारखांमधलं अंतर कमी झालं असेल, तर काम बरोबर चाललं आहे. वाढलं असेल तर कुठल्या दोन तारखांमध्ये वाढलं ते पाहा, अडचण तिथे सापडेल.

निवडणुकीसाठी थांबायचं नाही, पण तिला टाळायची सोयही होऊ द्यायची नाही. तात्पुरती समिती नेमणाऱ्या आदेशातच तिची शेवटची तारीख घाला, मुदतवाढ द्यायची झाल्यास ती फक्त एकदा आणि संसदेच्या किंवा तिच्या जागी असलेल्या सभागृहाच्या ठरावाने. सगळा देश सुरक्षित होण्याची वाट पाहू नका. नेपाळनेही २०१७ मध्ये मतदान तीन टप्प्यांत घेतलं, ७५३ स्थानिक पालिका उभ्या राहिल्या आणि निवडून आलेल्यांत ४० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. देणगीदाराशी करार करताना त्या शेवटच्या तारखेनंतर निवडणूक न झाल्यास पुढचा हप्ता कोणाच्या खात्यात जाणार, हेही आत्ताच लिहून घ्या. हा मुद्दा पहिल्या महिन्यात मिटतो, तिसऱ्या वर्षी मिटत नाही.